धामणाची कमान

माझ्या बावांना, म्हणजे वडिलांना, लाकूड वाकवता येत होतं. त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. शेरडांमागची पोरंसुद्धा ओली काठी वाकवतात. पण नुसत्या वाकण्याला आमच्या घरात कुणी विचारत नसे. सारखं वाकलं पाहिजे. मधे मूठ, मुठीच्या दोन्ही अंगांना दोन पाती, आणि चिल्ला, म्हणजे दोरी, ओढली की दोन्ही पात्यांनी एकाच वेळी, एकाच मापानं खाली यायचं. एकानं पुढं पळायचं नाही, दुसऱ्यानं अडून बसायचं नाही. धनुष्याला आमच्यात कमान म्हणत आणि ती करणाऱ्याला कमानगर. कोल्हापुरात कमानगरांची घरं पूर्वी बरीच होती म्हणे. मला कळायला लागलं तोवर कुणी रंगकामाला लागलं होतं, कुणी ताबुतांची सजावट करत होतं, कुणी सुतारकीत शिरलं होतं. बंदुका आल्यावर कमान कोण घेणार? आमचे बावा तेवढे चिकटून राहिले. गोचिडासारखे, असं अम्मा म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणायची नाही.

आता माझी सत्तरी उलटली. नातू इचलकरंजीला मागावर असतो. त्यानं शाळेत असताना अर्ध्या सोडलेल्या वह्या इथं मुरगूडला घरात पडून आहेत, त्यात हे लिहिते आहे. अक्षर मी चाळिशीनंतर माझ्या लेकीकडून शिकले, तेव्हा ते वाकडंतिकडं असणारच. ज्याला वाचवत नसेल त्यानं वाचू नये. तोंडानं मी पहिल्यापासून फटकळ, पोटात काही राहत नाही असं सगळं गाव म्हणतं. पण ही एक गोष्ट पोटात राहिली. नवऱ्याला सांगितली नाही, लेकरांना सांगितली नाही. माझ्यामागं ती तशीच मातीत जाऊ नये, एवढंच.

आमचं घर म्हणजे दोन खण, पुढं सोपा आणि मागं परडं. सकाळी जाग यायची ती बावांच्या खरवडण्यानं. फुटक्या काचेच्या धारेनं ते लाकूड खरवडायचे, आणि तो आवाज मोठा चिवट असे, खर्र, खर्र, मधेच थांबून फुंकर, पुन्हा खर्र. त्याला लागून अम्माचं जातं, त्याला लागून गल्लीतून महाराजांचे हत्ती पाण्यावर जात त्यांच्या घंटा. हत्ती गेले की शेजारणी त्यांच्या मागं शेणाला पळायच्या आणि भांडायच्या. अम्मा भाकरी थापायला बसली की चुलीच्या धुरात वर, आढ्याला टांगलेली लाकडं काळपट होत दिसायची. ती सगळी धामणाच्या झाडाची. धामण मलकापूरकडच्या रानातून यायचं, आणि तोडलं की लगेच हात लावायचा नाही. तीन-चार वर्षं त्याला धूर खाऊ द्यायचा. त्या धुरानं घरातल्या सगळ्यालाच एक वास होता. पुढं सासरी आल्यावर पहिले काही दिवस मला जेवण गोडच लागेना. भाकरीला धूर नाही, हे कारण माझं मलाच फार उशिरा कळलं. जेवणात दुसरं काय असायचं? ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि सणाला मटण. बावांना चटणी इतकी तिखट लागायची की खाताना डोळ्यांतून पाणी यायचं, आणि म्हणायचे, "आत्ता कुठं भूक लागली."

मला एक थोरला भाऊ होता, यूसुफ. धंदा त्याच्याच हातात जायचा होता. बावा दोरी ओढायचे आणि तो बघायचा. त्याची नजर फार बारीक. प्लेगाच्या वर्षी गावाबाहेर झोपड्या टाकून राहिलो, तिथून आम्ही तिघंच परत आलो. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. यूसुफनं जायच्या आधी मलकापूरहून एक लाकूड आणलं होतं, सरळ, एक गाठ नाही, एक चीर नाही. तेवढं एकच आढ्याला राहिलं. बाकीची बावांनी वर्षाला एक करून संपवली, आणि नवं लाकूड आणायला रानात जाणार कोण? कारण बावांचे डोळे जात चालले होते. बुबुळावर पांढरं आलं होतं. आधी म्हणायचे, आज धुकं फार पडलंय. मग म्हणायचे, दिव्याची वात बारीक केली काय गं? आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो आणि वात मोठी करायचो.

कमान लागायची ती एकाच घरी. गावातले एक जुने सरदार होते. त्यांच्या वाड्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडत, आणि तिच्यात आमच्या घरची नवी कमान ठेवत. पूजेआधी सरदारसाहेब स्वतः तिला चिल्ला चढवत, तीन वेळा ओढत, आणि मग तिच्यावर झेंडूचं फूल ठेवत. बावांच्या बापाच्या, आज्याच्या वेळेपासूनचा हा मान. त्या एका दिवसासाठी बावा बारा महिने कमानगर होते.

त्या वर्षी श्रावणात वाड्यातून कारभारी आला. छत्री झटकत सोप्यातच उभा राहिला.

"कमानगर, सायबांच्या कानावर आलंय, तुम्हास्नी दिसत न्हाय म्हणं."

"कोण म्हणतंय?" बावा खेकसले.

"आता बघा, मी हुभा हाय हिकडं, आणि तुम्ही बोलताय खांबाशी."

अम्मानं पदर तोंडावर घेतला. बावा आवाजाच्या रोखानं वळून म्हणाले, "आमचं काम डोळ्यांचं न्हाय, हाताचं हाय. सायबास्नी सांगा, औंदाची कमान आजवर झाली न्हाय अशी हुईल."

"दिसंलच की खंडेनवमीला," कारभारी म्हणाला. "न्हाई जमली तर म्होरल्या साली येऊ नका. सायबास्नी बी वाईट वाटंल, तुम्हास्नी बी."

तो गेल्यावर बावांनी मला बोलावलं आणि यूसुफचं लाकूड खाली घ्यायला सांगितलं. अम्मा म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या, पोराची तेवढीच आठवण हाय." बावा म्हणाले, "डोळं गेलं, पोरगं गेलं. हात गेलेलं न्हाईत, एवढं तरी मला बघू दे." दुसऱ्याला दाखवू दे म्हणाले नाहीत, मला बघू दे म्हणाले. त्यांचं सगळं त्या एका कमानीवर येऊन थांबलं होतं, आणि घरात तिघांनाही ते ठाऊक होतं.

आता कमान सारखी कशी करतात ते थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. परड्यात पश्चिमेच्या अंगाला एक मातीची उंच भिंत होती, चुन्यानं पांढरी केलेली. तिच्यापुढं दीड हातावर एक मेढ, म्हणजे लाकडाचा खांब, पुरली होती. मेढीच्या डोक्यावर कमानीची मूठ आडवी बसवायची, चिल्ल्याला एक दोर बांधून खाली ओढायचा आणि मेढीला ठोकलेल्या खुंट्यांपैकी एकीला अडकवायचा. खुंट्या पाच. पहिल्या खुंटीला कमान थोडी वाकायची, पाचव्या खुंटीला पुरी. सकाळचं ऊन समोरून आलं की कमानीची सावली भिंतीवर पडायची, आणि बघायचं ते सावलीकडं. कमानीकडं बघायचंच नाही, असा आमच्यात दंडकच होता. लाकडाला रंग असतो, रेषा असतात, कुठं जाड कुठं बारीक असतं, त्यात नजर गुंतते आणि फसते. सावलीला फक्त आकार. "लाकूड फसवंल, सावली फसवणार न्हाय," हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. सावलीत जे पातं वर राहिलेलं दिसेल ते ताठ. तिथं गेरूची खूण करायची आणि तेवढंच काचेनं खरवडायचं. कांद्याच्या सालीएवढं. मग पुन्हा मेढीवर चढवून बघायचं. ताठ पात्याला मऊ पात्याच्या बरोबरीला आणायचं, दुसरा उपाय नाही. कारण काढलेलं लाकूड कुणाच्या बापाला परत चिकटवता येत नाही.

यूसुफची बघायची जागा मला मिळाली. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, मुरगूडला सोयरीक ठरलेली, दसऱ्यानंतर लग्न. पोरीच्या जातीनं मेढीपाशी उभं राहायचं नसतं, पण आता विचारणार कोण होतं? माझी नजर घारीसारखी होती. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "बावा, उजवं पातं, मुठीपासून चार बोटांवर, ताठ हाय." बावांनी दोर खुंटीला अडकवला, पुढं आले, दोन्ही हातांची बोटं मुठीवर ठेवली आणि एकाच वेळी दोन्ही टोकांकडं सरकवत नेली. डोळे मिटलेले. उजवा हात चार बोटांवर थांबला. "हाय खरं," म्हणाले. "यूसुफला बी हितकं लवकर दिसत न्हवतं." देवाशप्पथ सांगते, त्या एका वाक्यानं माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. रोज सकाळी तसंच. मी सावलीत बघायची, ते बोटांनी बघायचे, आणि दोघांचं एकच निघायचं. पहिली खुंटी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. अम्मासुद्धा जातं थांबवून परड्यात येऊन बसायला लागली. प्लेगानंतर आमच्या घरात हसणं ऐकू आलं ते त्याच दिवसांत. चौथ्या खुंटीला मी कितीतरी वेळ बघत राहिले. दोन्ही टोकं एका रेषेत, बघतच राहावी अशी. "सारखी हाय, बावा." त्यांनी बोटं फिरवली. "सारखी हाय. आता एकच खुंटी."

दुसऱ्या दिवशी हस्ताचा पाऊस लागला. चार दिवस, चार रात्री, एकसारखा. परड्यात घोट्याएवढं पाणी झालं. कमान आम्ही चुलीवर टांगून ठेवली. पाचव्या दिवशी ऊन पडलं, बावांनी तोंड धुवायच्या आधी कमान मेढीवर चढवली आणि दोर चौथ्या खुंटीला लावला, मागचं तसंच आहे ना ते बघायला. तसं नव्हतं. डाव्या पात्याचं टोक सावलीत दोन बोटं वर होतं.

"डावं ताठलंय," मी म्हणाले.

बावांनी बोटं नेली. पुन्हा नेली. "न्हाई गं. सारखीच हाय."

"मला दिसतंय की, दोन बोटं वर हाय."

"चार दिसांत लाकूड कशापायी बदलंल?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. मला कशाचंही उत्तर तयारच असायचं. "डावी बाजू जाळाकडं हुती. ज्यादा सुकली आसंल." हे खोटं नव्हतं, टांगताना डावं टोक खरंच जाळाच्या अंगाला होतं, आणि सुकलं लाकूड ताठतं हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते विचारात पडले. त्या दिवशी डाव्याची एक साल काढली. दुसऱ्या दिवशी सावलीत दीड बोट. बावा म्हणाले, "डावं आता मऊ लागतंय, बानू. आता थांबावं." मी म्हणाले, न्हाय, अजून वर हाय. ते म्हणाले, माझी बोटं सांगत्यात. मी म्हणाले, सावली सांगतीया. ते म्हणाले, "इतकी वरसं ही बोटं चुकली न्हाईत." आणि मी म्हणाले...

हे लिहायला मला दोन दिवस लागले. वही मिटून ठेवली, भांडी घासली, सुनेशी उगाच भांडले. लिहितेच.

मी म्हणाले, "बावा, डोळं गेल्यालं तुम्हास्नी कळालं न्हाय सा म्हैनं. बोटं गेल्याली तरी कळतील काय?"

अम्मा आतून ओरडली, "बानू! जीभ हाय का कात्री?" पण बावा चिडले नाहीत. चिडले असते, एक थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. त्यांनी आपली बोटं अंगठ्यावर घासून बघितली, जणू काही लागलंय का ते बघावं तशी. मग काच उचलली आणि म्हणाले, "दाव कुठं ते." मी त्यांचा हात धरून डाव्या पात्यावर ठेवला. खर्र, खर्र. तीन सकाळी आम्ही डावं पातं खरवडलं. तिसऱ्या सकाळी, पाचव्या खुंटीलाही, सावलीत दोन्ही टोकं एका रेषेत आली. "सारखी झाली!" मी टाळी वाजवली. बावांनी कमान उतरवली. त्या दिवशी त्यांनी तिच्यावरून बोटं फिरवली नाहीत. तेल लावलं, मूठ बांधली, आणि कापडात गुंडाळून ठेवली.

खंडेनवमीला त्यांना हाताला धरून वाड्यात मीच नेलं. त्यांनी धुतलेला अंगरखा घातला होता आणि पटका तीनदा सोडून पुन्हा बांधला होता. मी दारापाशी खांबाला टेकून उभी राहिले. समोर जाजमावर तलवारी, भाले, कट्यारी मांडलेल्या, त्यांना हळदकुंकू लावलेलं, धुपाचा वास. सरदारसाहेब म्हातारे पण अंगानं दणकट. त्यांनी कमान घेतली, चिल्ला चढवला आणि ओढला.

वाड्यात मेढ नव्हती, भिंत नव्हती, सावली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर नुसती कमान होती, आणि पोरासोरालाही दिसावं असं दिसत होतं. उजवं पातं काठीसारखं उभं आणि डावं बिचारं दुमडल्यासारखं वाकलेलं. साहेबांनी दुसऱ्यांदा ओढली नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "लंगडतीया की," आणि दोघेतिघे हसले. साहेब त्यांच्यावर डाफरले. मग चिल्ला हळूच उतरवून बावांच्या हातात कमान देत म्हणाले, "म्हातारबा, लई वरसं केलंत. आता इसावा घ्या." माणूस वाईट नव्हता. त्यांनी बावांना नारळ दिला, पानविडा दिला. फूल मात्र कमानीवर ठेवलं नाही.

येताना बावांनी कमान काखेत धरली होती. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी कमान कापडातून काढली आणि तिथंच उभ्यानं मुठीपासून टोकांपर्यंत बोटं नेली. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगत होतो. म्हणायला पाहिजे होतं. पण त्यांच्या मनात ते आलंच नाही. सावली चुकते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बोटांनी सारखी म्हणून सांगितलेली कमान सावलीनं लंगडी ठरवली, आणि सावलीनं सारखी केलेली कमान सगळ्यांसमोर लंगडली. एवढ्या गुंत्यातून त्यांनी एकच धागा ओढला: सावली चुकत नाही, म्हणजे चुकला तो आपलाच हात. "बोटं काय म्हणत्यात आता मलाच कळंना झालंय," ते म्हणाले. "तू म्हणालीस तेच खरं, बानू. गेलं हात बी."

त्या दिवसापासून त्यांनी बोटांवर विश्वास ठेवणं सोडलं. हे कसं असतं ते ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. भाकरी कुस्करायची तर अम्माला म्हणायचे, तूच कुस्कर. पटका मला बांधायला लावायचे. दाराची कडी हाताला लागली तरी विचारायचे, कडीच हाय न्हवं? चटणी मागायचे बंद झाले. काचेचे तुकडे, रंधा, कानस, सगळं एका पोत्यात भरून गल्लीतल्या सुताराला देऊन टाकलं. सकाळी जाग यायची ती आता नुसत्या जात्यानं. बावा सोप्यात भिंतीला टेकून बसलेले असत, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून.

दसऱ्यानंतर आठएक दिवसांनी मी भर दुपारी परड्यात शेणी उचलायला गेले. सूर्य डोक्यावर आला होता आणि ऊन भिंतीला घासून खाली पडत होतं. मेढीच्या डाव्या अंगाला, छातीएवढ्या उंचीवर, भिंतीवर एक काळा पट्टा दिसला. मला वाटलं ओल आली. हात लावला तर ओल नव्हती, सावली होती. भिंतीच्या स्वतःच्या पोटाची सावली. भिंत तिथं फुगली होती. समोरून बघितलं तर पांढरीसफेद, काही दिसत नव्हतं. बाजूनं गाल टेकवून बघितलं तर चांगलं वीतभर पोट सुटलेलं. हस्ताच्या पावसानं आतली माती ढिली झाली होती. आम्ही मेढीपाशी फक्त सकाळी असायचो, आणि सकाळच्या उन्हात हे कधीच दिसलं नसतं. मी धावत जाऊन एक सरळ काठी आणली. दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर ती मेढीवर आडवी धरली. काठीची सावली डावीकडं दोन बोटं वर चढली.

चूक कमानीची नव्हती. ती पावसाआधीच सारखी झाली होती, आणि पावसानंतरही सारखी होती. बावांची बोटं खरं सांगत होती. भिंत खोटं बोलत होती, आणि मी भिंतीच्या बाजूनं उभी राहून बापाला आंधळा म्हणाले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग धावत जाऊन सांगायचं ना. मीही स्वतःला हेच विचारत आले आहे. त्या सकाळी मी काठी हातात घेऊन सोप्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले. बावांनी पावलांच्या आवाजानं मान वळवली. "कोण, बानू?" मी म्हणाले, व्हय. "काय गं?" मी म्हणाले, काय न्हाय, जेवायला चला. मला भीती वाटली, हे खरं कारण. माराची नव्हे. यूसुफनं आणलेलं शेवटचं लाकूड माझ्या गर्वानं नासलं, हे तोंडानं म्हणायची भीती. उद्या सांगू म्हणाले. उद्याला परवा केलं. लग्न झाल्यावर सांगू, म्हणजे निदान घरातून बाहेर तरी पडलेली असेन, असंही एकदा मनात आलं. इतकी मी हलकट.

लग्न पंधरा दिवसांवर आलं तशी अम्मा म्हणाली, पावणं परड्यात जेवतील, ती भिंत जरा बघाय पायजे, पोपडं धराय लागल्यात. तिनं कुदळीनं जुना लिंपा पाडला. नव्या लिंप्याची माती मी तुडवली. शेण घातलं, भुस्सा घातला, गुडघ्याएवढ्या चिखलात उभी राहून दिवसभर पायांनी मळली, आणि अम्मानं ओळंबा लावून भिंत सरळ केली, वर चुन्याचे दोन हात दिले. माझ्या डोळ्यांदेखत ते पोट गेलं, आणि मी माती उचलून देत होते. खरं सांगते, त्या वेळी मला थोडं हलकंसुद्धा वाटलं.

लग्न झालं. मुरगूडची गाडी दुपारी निघायची होती. बाया रडत होत्या, अम्मा गाठोडी बांधत होती. बावा परड्यात एकटेच मेढीपाशी बसले होते. मी ओढणी सावरत गेले, त्यांच्या पायांशी बसले, आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. पावसात भिंत फुगली हुती. सावली खोटी पडत हुती. तुमची बोटं बराबर हुती, बावा, पयल्यापासनं बराबर हुती, मीच चुकले. काठी लावून मी बघितलंय. तुमचं हात गेलेलं न्हाईत.

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठले, मेढीला वळसा घालून भिंतीपाशी गेले आणि दोन्ही तळवे तिच्यावर ठेवून छातीच्या उंचीनं डावीकडून उजवीकडं सावकाश नेले, पुन्हा उजवीकडून डावीकडं आणले. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना बोटांनी काही बघताना बघत होते.

"सरळ हाय की गं," ते म्हणाले.

"अम्मानं लिंपली, बावा. पंधरा दिसांमागं लिंपली. त्याच्या आधी..."

आणि ते हसले. मोकळं हसले, यूसुफ असताना हसायचे तसे. चाचपत माझ्याजवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बापाला बरं वाटावं म्हणून जाता जाता खोटं बोलतीस व्हय? फटकळ म्हणत्यात तुला लोक. त्यास्नी काय म्हाईत, माझी लेक किती मायेची हाय ते."

"खोटं न्हाय, बावा. अल्लाची शप्पथ. खरंच."

"व्हय, व्हय," ते म्हणाले, रडणाऱ्या लेकराला म्हणतात तसं, आणि गाडीवानाला हाक मारली, ऊन कलायच्या आत निघा म्हणून.